या वयात कशाला?

आमच्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की दोन गोष्टी एकदम बाहेर निघतात. एक तेलाची बाटली आणि दुसरे तत्त्वज्ञान. तेल दुखऱ्या पायाला चोळले जाते आणि तत्त्वज्ञान आल्यागेल्याला ऐकवले जाते. तेलात आठ दिवस जातात आणि तत्त्वज्ञानात माणूस.

हे तत्त्वज्ञान अवघ्या तीन शब्दांचे आहे. “या वयात कशाला?” डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात, मंडळी बाहेर व्हरांड्यात येतात, थोरले जावई घसा खाकरतात आणि हे तीन शब्द उच्चारतात. लगेच सर्वांच्या चेहऱ्यांवर एक प्रकारची शांती पसरते. कारण या तीन शब्दांत दया आहे, वैराग्य आहे, अनुभवाचा आव आहे, आणि शिवाय खर्चही वाचतो. आत खाटेवर जिचा पाय मोडला आहे तिला यांतले काही विचारलेले नसते. तिचे कान शाबूत असतील तर ती ऐकत मात्र असते.

माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. तेव्हा या वादात मी तटस्थ आहे अशी वाचकांनी समजूत करून घेऊ नये. मी पक्षकार आहे. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघीजणी या तीन शब्दांनी गेल्या, आणि उद्या न्हाणीघरात माझा पाय घसरला तर व्हरांड्यात काय बोलले जाईल याची मला पुरेपूर कल्पना आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कोणाला अमंगळ वाटेल. पण लेकी माहेरी येतात, परदेशातली मुले आठ दिवसांची रजा काढून येतात, सगळे घर एका छपराखाली जमते, ते याच दिवसांत. हे बोलणे पाय मोडण्याच्या आधी आणि सर्वांच्या देखत झालेले बरे.

आधी मोडते काय ते पाहू. लोक “कंबर मोडली” म्हणतात, “खुबा निखळला” म्हणतात. बहुतेक वेळा मोडलेले असते ते मांडीच्या हाडाचे वरचे टोक. हे हाड वर जाता जाता आतल्या बाजूला वळते. तिथे त्याला एक आखूड मान आहे आणि मानेवर चेंडूसारखे गोल डोके आहे. ते डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते, आणि आपण पाऊल टाकतो तेव्हा अंगाचा सारा भार त्या आखूड मानेवर तोलला जातो. तरुण माणसाची ही मान मोडायला मोटारीची धडक लागते. सत्तरी उलटलेल्या माणसाचे, आणि त्यातही पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षे झालेल्या बाईचे, हाड आतून विरळ झालेले असते. तिला उभ्या उभ्या कुशीवर पडणे एवढे पुरते.

हाड मोडते ते मुख्यतः दोन जागी. एक प्रत्यक्ष मानेत. डोक्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेला बिलगूनच वर चढलेल्या असतात. मान तुटून सरकली की त्याही तुटतात आणि वाटीतले डोके उपाशी मरते. म्हणून असे हाड पडून राहून सहसा जुळत नाही. सहा महिने पडून राहिले तरी जुळत नाही. इंग्लंडचे शस्त्रवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली आपल्या ग्रंथात हे मांडले आहे, म्हणजे पेशवाई बुडून चार वर्षे होत होती तेव्हा. दुसरी जागा मानेच्या पायथ्याशी, जिथे मांडीचे जाड स्नायू येऊन चिकटतात. तिथे रक्त भरपूर. ते हाड जुळते. पण पाय आखूड आणि वाकडा करून जुळते, आणि त्यासाठी अडीच-तीन महिन्यांचे अंथरूण मागते.

तेलाच्या बाटलीविषयी एवढेच सांगते की पडलेल्या माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसू लागला, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले आणि गुडघा ताठ ठेवून पाय उचलता येईना, तर ते “लचकणे” नव्हे. कधी कधी हाडाची टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत चार पावले चालतेही. मग तर चोळणाऱ्याला जोरच चढतो, आणि रुतलेले हाड त्याच्या हातांनी सुटते. एक्स-रे त्याच दिवशी काढावा. त्यात काही दिसले नाही आणि दुखणे मात्र हटेना, तर एम. आर. आय. करून पाहावा लागतो. चोळण्याची हौस असेल तर ती नरकचतुर्दशीला भागवून घ्यावी.

आता समजा, व्हरांड्यात “नको” असे ठरले. पायाला वजन बांधतात. कुठे पलंगाच्या पायथ्याशी विटा टांगतात, कुठे नुसत्या उशा लावून ठेवतात. घरात सांगतात, “आईला आता पूर्ण विश्रांती सांगितली आहे.” ही विश्रांती कशी असते? मोडलेली टोके मोकळी असल्यामुळे कूस बदलताना, पलंगाखालची चादर ओढताना, भांडे घेताना जिवाच्या आकांताने ओरडण्याची पाळी येते. ओरडावे लागू नये म्हणून ती हलत नाही. हलत नाही म्हणून माकडहाडावरची कातडी लाल होते आणि आठवड्याच्या आत तिथे जखम होते. भांडे मागायची लाज आणि वेदना वाटते म्हणून ती पाणी कमी पिते. मग लघवीला जळजळ, मग नळी, मग नळीतून ताप. निजून राहिलेल्या पायांत रक्ताची गुठळी धरते आणि ती एखाद्या दिवशी फुप्फुसात जाऊन बसते. उताण्या छातीत कफ साचतो. रात्री भ्रम होतो. कधीच्या काळी वारलेल्या बहिणीला ती हाका मारू लागते, आणि घरात म्हणतात की आता तिला वरच्या माणसांची ओढ लागली!

शेवटी दाखल्यावर न्यूमोनिया लिहितात. शेजारी म्हणतात, “वय झालं होतं. सुटली बिचारी.” या वाक्यावर माझा आक्षेप आहे. वय गेल्या महिन्यापर्यंत चालत होते. वय सकाळी उठून स्वतःचा चहा करून घेत होते, कुंपणाची जास्वंद तोडत होते, नातवाच्या डब्यात काय दिले यावर सुनेशी वाद घालत होते. वयाने ती गेली नाही. मोडलेले हाड तसेच ठेवून तिला निजवले म्हणून ती गेली, आणि निजवायचे आम्ही ठरवले. हे वाक्य उच्चारायला जड आहे हे मला कळते. म्हणूनच त्याच्या जागी वयाला पुढे करतात. वय काही उलटून बोलत नाही.

निजणे हा उपचार नसून आजार आहे, ही काही कालपरवाची टूम नव्हे. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात १९३५ साली डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या अनाथ-दुबळ्यांच्या आश्रयगृहातले शेकडो म्हातारे रोगी सोपवण्यात आले. वर्षानुवर्षे अंथरुणात ठेवलेली माणसे ती. या बाईंनी प्रत्येकाला तपासले, उठवून बसवले, चालवले, आणि त्यांतली कितीतरी माणसे आपल्या पायांनी घरी गेली. डॉ. रिचर्ड ॲशर यांनी डिसेंबर १९४७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला; त्याचा मथळाच मुळी “अंथरुणावर पडण्याचे धोके” अशा अर्थाचा. पडून राहिल्याने एकेका अवयवाची काय दशा होते ते त्यांनी थट्टेच्या सुरात पण नेमके सांगितले आहे. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठी उलटलेल्या काही धडधाकट माणसांना, ज्यांचे काहीएक मोडले नव्हते अशांना, नुसते १० दिवस अंथरुणात ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. धडधाकटांचे हे, मग मोडलेल्यांचे काय होत असेल?

इथे कोणी विद्वान गृहस्थ सुश्रुताला साक्षीला बोलावतात. त्यांना माझे सांगणे की सुश्रुत नीट वाचावा. मांडीचे हाड मोडले असता रोग्याला फळीवर निजवून, पाच खुंट्या ठोकून, पाय अचल कसा करावा हे त्याने सांगितले आहे. त्याला कपाटशयन म्हणतात. आणि त्यानेच हेही सांगितले आहे की लहान वयात जो सांधा महिन्यात स्थिर होतो त्याला मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो. म्हणजे तीन महिने. हिशेब चोख आहे. प्रश्न एवढाच की ऐंशी वर्षांची बाई फळीवर तीन महिने जगते का. ज्या परंपरेने तुटलेले नाक नव्याने बसवण्याची रीत लिहून ठेवली ती शस्त्राला भिणारी नव्हती. सुश्रुताच्या हाताशी एक्स-रे नव्हता, रक्त चढवण्याची सोय नव्हती, आजची भूल नव्हती. ज्यांच्या हाताशी हे सर्व आहे त्यांनी त्याच्या फळीमागे लपू नये.

आता माझा मुख्य मुद्दा. “या वयात कशाला?” या प्रश्नाचे उत्तर “या वयात म्हणूनच” असे आहे. पंचविशीतला मुलगा तीन महिने पडून राहू शकतो; पुन्हा उठेल, पुन्हा मांस धरेल. म्हातारे माणूस तीन महिने पडून राहू शकत नाही. त्याच्याजवळ सगळे असेल, तेवढी मुदत नसते. ही शस्त्रक्रिया केवळ हाड जुळावे म्हणून करायची नसते. माणूस दुसऱ्या दिवशी उठावे म्हणून करायची असते. हे ज्याला कळले त्याला वयाची सबब उलटी दिसू लागते.

आणि शस्त्रक्रिया तरी काय? बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ च्या सुमारास तीन पात्यांचा खिळा मानेतून आरपार ठोकून हाड धरून ठेवण्याची रीत काढली आणि १९३१ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतलेच ऑस्टिन मूर यांनी मेलेले डोके काढून टाकून त्या जागी धातूचे डोके बसवण्याची युक्ती रूढ केली. त्यांच्या नावाचा तो धातूचा गोळा आपल्याकडच्या सरकारी इस्पितळांत कित्येक दशके हजारो माणसांच्या खुब्यांत बसला आहे. “आजीचा बॉल बदलला” असे आपण म्हणतो तो हाच, किंवा त्याचा सुधारलेला भाऊ. मोड पायथ्याशी असेल तर हाडाच्या पोकळीत सळी घालून तिच्यातून डोक्यात जाड स्क्रू बसवतात, किंवा बाहेरून पट्टी लावून तसाच स्क्रू बसवतात. बहुधा तास-दीड तासाचे काम. मग मोडलेली टोके एकमेकांवर घासत नाहीत, आणि दुखण्यावर याच्याइतके गुणकारी औषध दुसरे नाही. आडवे करून ठेवलेल्या माणसाचे “हाल नकोत” म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हाल शस्त्रक्रियेचे दोन दिवस होतात. न केल्याचे शेवटपर्यंत होतात.

“भूल सोसणार नाही” ही पुढची सबब. कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करता येते हे बहुतेकांना ठाऊक आहे; पूर्ण भूल मात्र म्हाताऱ्यांना मारतेच असा समज आहे. अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० माणसांत या दोन्ही रीती समोरासमोर ठेवून पाहिल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला. साठ दिवसांनी मृत्यू म्हणा, चालता येणे म्हणा, दोन्हीकडे सारखेच. इंग्लंडच्या राणीच्या आई १९९८ च्या जानेवारीत सँड्रिंगहॅमला पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. वय ९७. त्यांच्या व्हरांड्यात आमचे जावई नव्हते. शस्त्रक्रिया झाली, आणि त्या चार वर्षे जगून २००२ मध्ये १०१ व्या वर्षी वारल्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २०१९ च्या मे महिन्यात टर्कीच्या शिकारीला निघताना घरीच पडले. वय ९४. शस्त्रक्रिया झाली, ते २०२४ च्या डिसेंबरात गेले, शंभरी पुरी करून. राजवाड्यातली माणसे, त्यांचे निराळे, असे कोणी म्हणेल. डॉक्टर निराळे असतील. हाड तेच असते.

मला हे मान्य आहे की सर्व जण असे उठत नाहीत. शस्त्रक्रिया करूनही वर्षाच्या आत चारांतले किंवा पाचांतले एक जाते, असे पाश्चात्य देशांतल्या नोंदी सांगतात. जी वाचतात त्यांतल्या पुष्कळांना पूर्वीचे चालणे पुरते परत येत नाही. बिनकाठीचे माणूस काठीवर येते, काठीचे वॉकरवर. कोणी डॉक्टर याहून गुलाबी चित्र रंगवीत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण तुलना कशाशी करायची? आमच्या घरांत शस्त्रक्रियेच्या जोखमीची तुलना निर्जोखमीशी करतात, जणू काही नुसते पडून राहण्यात काही जोखीमच नाही! डॉक्टरांचाही यात दोष आहे. “रिस्क आहे, तुम्ही विचार करून सांगा,” एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे वळतात. न करण्यात किती रिस्क आहे हे त्याच दमात सांगणे त्यांचे काम नव्हे काय? कागदावर सही फक्त करण्यासाठी घेतात. न करण्यासाठीही एक ठसठशीत कागद असावा आणि त्यावर जावयांची सही असावी असे मला फार वाटते.

अपवाद आहेत. आधीच महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेले, माणसे न ओळखणारे, शेवटच्या आजारात असलेले असे कोणी असेल तर शस्त्रक्रिया न करता नुसते दुखणे थांबवणे हे दयेचे होऊ शकते. हॉलंडमध्ये शुश्रूषागृहांतल्या अशाच अतिदुर्बल माणसांबाबत घरच्यांशी मोकळेपणी बोलून हा मार्ग घेतला गेला. २०२२ मध्ये त्याची हकीकत छापली. ती माणसे बहुतेक महिन्याभरात गेली, पण बऱ्यापैकी शांतपणे गेली, कारण दुखणे थांबवण्याची तिथे पुरी व्यवस्था होती आणि सर्वांना कळत होते की आपण काय ठरवतो आहोत. आमच्याकडे तसे ठरवत नाहीत. आमच्याकडे नुसते ठरवायचे टाळतात, आणि दुखण्यावर क्रोसिन देतात.

आणि मग “सॅन होजेहून मुलगा येऊ दे.” मुलाला तिकीट मिळायला तीन दिवस, यायला एक, जेट-लॅगचा एक, डॉक्टरांना तेच तेच प्रश्न पुन्हा विचारण्याचा एक. २०२० साली भारतासह १७ देशांतल्या जवळजवळ तीन हजार माणसांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला वाद ऐकण्यासारखा आहे. शस्त्रक्रिया सहा तासांत करावी की चोवीस तासांत, असा तो वाद! मृत्यूत फरक पडला नाही. पण लवकर केलेल्यांना भ्रम कमी झाला आणि ती लवकर उठली. तिकडे वाद सहा तास की चोवीस तास, आणि इकडे मंगळवार की रविवार. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, अंगातले क्षार बिघडले असतील, छातीत पाणी असेल तर एखाद-दोन दिवस सावरायला लागतात, ते निराळे. मुलाची रजा हा क्षार नव्हे. त्याने फोनवर होकार द्यावा आणि विमानात बसावे. आई उठून बसलेली दिसेल.

ब्रिटनमध्ये २००७ पासून खुबा मोडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची देशव्यापी नोंद ठेवतात. किती तासांत शस्त्रक्रिया झाली, म्हाताऱ्यांच्या आजारांचा तज्ज्ञ बरोबर होता का, दुसऱ्या दिवशी उभे केले का, सर्व त्यात लिहायचे. आणि २०१० पासून या गोष्टी वेळेवर करणाऱ्या इस्पितळाला जादा पैसे मिळू लागले. नोंद सुरू झाली तेव्हा महिन्याच्या आत शंभरांतली सुमारे अकरा माणसे जात. दहा-बारा वर्षांत ती सहा-सातांवर आली. नवे औषध सापडले नव्हते. उशीर मोजायला लागले, एवढेच. आपल्याकडे तसे मोजले तर व्हरांड्यातला वेळही त्यात धरावा लागेल.

आता पैशाविषयी, कारण सर्वांच्या मनात तेच असते आणि बोलत कोणी नाही. खर्च होतो, आणि पुष्कळ घरांना तो खरोखर पेलत नाही. त्यांच्यावर माझा रोख नाही. २०२४ पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेत सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. कार्ड आधी काढून ठेवावे लागते आणि इस्पितळ योजनेतले असावे लागते. हे दोन्ही पाय मोडल्यावर रात्री अकराला शोधत बसण्याचे विषय नव्हेत. माझा रोख आहे तो ज्यांना पेलतो त्यांच्यावर. तेराव्याला जेवढी पाने उठतात त्यांचा हिशेब कोणी व्हरांड्यात करत नाही.

यात बाईचा आणि पुरुषाचा एक भेद आहे तोही सांगते. आजोबा पडले की घर हलते. पेन्शन त्यांची, सही त्यांची. आजी पडली की ती स्वतःच म्हणते, “माझ्यावर पैसे घालवू नका रे, माझं झालं आता.” घर हे वाक्य तत्परतेने उचलते. वाचकहो, ही बाई जन्मभर हेच बोलत आली आहे. नवे लुगडे नको, माझ्यासाठी वेगळा दूध-चहा नको, शेवटची पोळी मला नको, पोट भरलं. तेव्हा तुम्ही ते खरे मानले नाही. निदान लाजेकाजेस्तव आग्रह केलात. मग याच वेळी तिचा शब्द तुम्हाला प्रमाण का वाटावा? तिला विचारायचेच असेल तर नीट विचारा. शस्त्रक्रिया केली तर काय, नाही केली तर काय, किती दुखेल, संडासला आपल्या पायांनी जाता येईल की नाही, हे सगळे तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी बसून सांगा, आणि मग विचारा. माझ्यापुरते मी विचारण्याची वाट पाहिलेली नाही. माझ्या कपाटात, बँकेच्या पुस्तकांच्या वर, एक कागद ठेवला आहे. “खुबा मोडल्यास शस्त्रक्रिया करावी. कोणाची वाट पाहू नये.” खाली सही. सुनेला दाखवला, मुलाला दाखवला, जावयांना फ्रेम करून द्यावा असा विचार आहे.

न केल्याने पैसे वाचतात हेही खरे नाही. ते फक्त एका खिशातून न जाता दुसऱ्या अंगातून जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, रात्रीसुद्धा. चादरी, भांडी, जखमेची पट्टी, भरवणे. हे कोण करते? जावई करत नाहीत. ते सून करते, नोकरी सोडून करते, पाठ मोडून घेऊन करते. आणि लोक तिला “केवढी सेवा केली हो सासूची” असे म्हणून एक साडी देतात. सहा महिन्यांच्या या मजुरीचा बाजारभाव कोणी काढला तर सळी आणि स्क्रू स्वस्त वाटतील. सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी ती सेवा लागेल अशी पाळी आणू नये.

समजा, देवदयेने शस्त्रक्रिया झाली. मग दुसरी फळी उभी राहते, ती प्रेमाची. “उठू नकोस हं आई, टाके उसवतील.” “अजून महिनाभर पाय टेकू नकोस.” फिजिओथेरपी शिकवणारी मुलगी दारात आली की आत्या तिला परत पाठवते, कारण वहिनी आत्ताच कुठे झोपली आहे. अहो, मग शस्त्रक्रिया केली कशाला? सर्जनने मना केले नसेल तर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहायचे, पायावर भार द्यायचा, दुखले तर दुखण्याचे औषध घेऊन चालायचे. चष्मा आणि कानाचे यंत्र इस्पितळात बरोबर न्यावे. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला रात्री भ्रम लवकर होतो. आणि पेज नको. वरण, दही, अंडे, खात असेल तर मासे. झडलेले मांस मुगाच्या पाण्यावर भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट घरी परतल्यावर हमखास राहून जाते. हाड मोडले ते ठिसूळ होते म्हणून. ठिसूळपणावर कोणी औषध देत नाही, आणि दुसरा पाय आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड नावाचे औषध आहे. मोडलेल्या खुब्यावर उपचार झालेल्या दोन हजारांवर माणसांत ते पारखून २००७ मध्ये निकाल छापला. पुन्हा हाड मोडण्याचे प्रमाण घटले, आणि औषध न घेतलेल्यांत शंभरांतली तेरा गेली तिथे घेतलेल्यांत नऊ-दहा. मूत्रपिंडे कशी आहेत, ‘ड’ जीवनसत्त्व किती आहे हे आधी पाहावे लागते. ‘ड’ आपल्याकडे एवढे ऊन असूनही बहुतेकांना कमी असते. आम्ही बायका ऊन चुकवण्यात जन्म घालवतो. इस्पितळातून निघताना डॉक्टरांना हा एक प्रश्न विचारावा. न विचारता ते सांगतील या भरवशावर राहू नये.

आणि पडणेच टाळायचे तर या चार दिवसांत घरात काय चालते ते पाहा. पहाटेचा अंधार, अंगभर तेल, न्हाणीघरात उटण्याचा चिखल, बुळबुळीत फरशी, नवे कोरे लुगडे पायांत येणारे, उंबऱ्यावर पणती आणि आत मिणमिणता दिवा. माझ्या वयाच्या बाईला पाडायचेच असा कट केला तर याहून चांगली तयारी करता येणार नाही. तेल खोलीत, खुर्चीवर बसवून लावावे. न्हाणीघरात आधी पाट काढून प्लॅस्टिकची बसायची खुर्ची ठेवावी, खाली रबराची जाळी घालावी, दिवा लख्ख लावावा. भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवायला गवंड्याला अर्धा दिवस पुरतो. आमच्याकडे तो बसवून घ्यायला मला दोन दिवाळ्या लागल्या, कारण नव्या टाइल्सना भोके पडतात म्हणून जावयांचा विरोध होता.